इम्प्लांटचा दात : धोके आणि निगा

इम्प्लांट म्हणजे दाताचे मूळ जिथे होते तिथे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्याची जाडी साधारण ३ ते ५ मिलिमीटर आणि लांबी ८ ते १३ मिलिमीटर असते. त्यावर अबटमेंट नावाचा जोडभाग येतो आणि जोडभागावर कॅप, म्हणजे तोंडात दिसणारा दात. या तिन्हींची दुखणी वेगवेगळी आहेत. कॅप तुटली तर नवी बसते आणि जोडभाग सैल झाला तर थोड्या वेळात आवळता येतो. हाडातला स्क्रू मात्र एकदा सुटला की काढावाच लागतो. ‘इम्प्लांट हलतोय’ म्हणून घाबरून आलेल्या पुष्कळ रुग्णांचा प्रत्यक्षात जोडभागच सैल झालेला असतो. उलट काही जण सैल कॅप समजून महिनोन्‌महिने वाट पाहतात आणि तोवर खालचे हाड गेलेले असते.

टायटॅनियम हाडाला धरून ठेवते हे स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या ध्यानात आले ते १९५२ च्या सुमारास, सशांवरील प्रयोगांत. हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी बसवलेले टायटॅनियमचे उपकरण काम संपल्यावर हाडातून निघेना. १९६५ मध्ये त्यांनी गॉस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. २००६ मध्ये लार्सन वारले तेव्हाही ते दात कामात होते. चांगला बसलेला आणि नीट जपलेला इम्प्लांट इतका टिकू शकतो. पण ‘एकदा बसवला की आयुष्यभर बघायला नको’ असा अर्थ त्यातून काढला जातो, तो चुकीचा आहे.

नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. घास चावताना तो दाब झेलतो आणि भाकरीत खडा आला की जबडा आपोआप उघडायला लावतो. इम्प्लांट थेट हाडाला चिकटलेला असल्यामुळे त्याच्याभोवती हा थर नसतो. त्याच्याभोवतीची हिरडीही दाताइतकी घट्ट धरलेली नसते, त्यामुळे जंतूंना खाली उतरायची वाट सोपी होते. शिवाय त्याला नस नाही, म्हणून तो ठणकत नाही. दुखले की डॉक्टरकडे जायचे, हा आपल्याकडचा रिवाज इथे कुचकामी ठरतो. इम्प्लांटची निगा तारखा पाहून घ्यावी लागते.

धोका कोणाला अधिक

सोलापुरात तंबाखूचा प्रश्न सर्वांत आधी येतो. विडी हा इथला जुना धंदा, आणि हजारो घरांत बायकांच्या मांडीवरच्या सुपावर संसार चालतो. विडी वळणे आणि विडी ओढणे या गोष्टी वेगळ्या असल्या, तरी वळणाऱ्या हातांना तंबाखूची भुकटी लागलेली असते. तेव्हा तोंडाला हात लावण्यापूर्वी ते साबणाने धुणे, विशेषतः शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत, आवश्यक आहे. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचा धोका न करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळतो. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी पोचते. मिश्री तर थेट हिरडीवरच चोळली जाते. घरातल्या वयस्कर बायका मिश्रीला ‘व्यसन’ म्हणत नाहीत, म्हणून ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येते. डॉक्टरांनी मिश्रीचे नाव घेऊन विचारावे आणि रुग्णाने ते लपवू नये. तंबाखूच्या किमान बंदीची मुदत म्हणून शस्त्रक्रियेआधी एक आठवडा आणि नंतर दोन महिने असे सांगितले जाते. सवय कायमची सुटली तर इम्प्लांटच्या पुढच्या आयुष्याचा प्रश्न बराचसा सुटतो.

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण साध्या सुपारीवर नाही. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते. स्वतःची तीन बोटे एकावर एक ठेवून पुढच्या दातांमध्ये मावतात का, हे घरी पाहता येते. मावत नसतील तर मागच्या दाढेपर्यंत ड्रिल पोचणे अवघड आणि नंतर तिथे ब्रश पोचणे त्याहून अवघड. अशा तोंडाची आधी तपासणी व्हावी. इम्प्लांटचा विचार नंतर.

मधुमेह असला म्हणजे इम्प्लांट होत नाही असे नाही, अनियंत्रित मधुमेहात मात्र करू नये. त्या दिवशीची उपाशीपोटीची शुगर पुरेशी नसते. मागच्या तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीए१सी तपासणी लागते, आणि ती ७ ते ८ च्या वर असेल तर बहुतेक डॉक्टर शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. दाताचे रक्त दाबून थांबवता येते, पण गोळी बंद केल्यावर हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली तर ते निस्तरता येत नाही.

दोन गोष्टींची माहिती द्यायला रुग्ण विसरतात आणि त्या दोन्ही गंभीर आहेत. पहिली, हाडे ठिसूळ झाल्यावर दिल्या जाणाऱ्या औषधांची : आठवड्यातून एकदा घ्यायची अॅलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रोनिक अॅसिड. या औषधांनंतर जबड्याचे हाड उघडे पडून न भरण्याचा धोका असतो. गोळ्यांमध्ये तो थोडा असतो. कर्करोगासाठी वारंवार दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेत इतका, की त्या रुग्णांत इम्प्लांट सहसा टाळतात. दुसरी माहिती, डोक्याला किंवा मानेला दिलेल्या किरणोपचाराची. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात किंवा अन्यत्र तोंडाच्या कर्करोगाचे शेक घेतलेले रुग्ण या जिल्ह्यात आहेत. उपचार होऊन दहा वर्षे झाली असली तरी ती फाइल दंतवैद्याला दाखवलीच पाहिजे. किरण कुठे आणि किती दिले त्यावर निर्णय ठरतो.

उरलेल्या दातांना पायोरिया असेल तर आधी त्याचे उपचार व्हावेत. ज्या जंतूंनी दात पाडले तेच इम्प्लांटभोवती मुक्काम करतात.

शस्त्रक्रियेतले धोके

खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. ओठ आणि हनुवटीची संवेदना तिच्यावर अवलंबून असते. इम्प्लांटचे टोक तिच्यापासून किमान २ मिलिमीटर दूर असावे लागते. वरच्या मागच्या दाढांवर सायनसची पोकळी असते आणि दात जाऊन बरीच वर्षे झाली असतील तर तिथले हाड अगदी पातळ उरते. खालच्या पुढच्या भागात जिभेच्या बाजूने ड्रिल बाहेर गेले तर जिभेखाली रक्तस्राव होऊन श्वास अडू शकतो. हे क्वचित घडते, पण घडले तर मिनिटांचा हिशेब असतो. म्हणूनच सीबीसीटी हा जबड्याचा त्रिमितीय स्कॅन आधी काढला जावा. ओपीजी या पूर्ण जबड्याच्या साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही.

हाड उष्णतेलाही फार नाजूक आहे. एक मिनिट ४७ अंश सेल्सिअस तापमान राहिले तरी त्याचे नुकसान होते. ड्रिलवर सलाइनची धार सोडतात ती यासाठी. असे भाजलेले हाड इम्प्लांटला धरत नाही आणि पहिल्या काही आठवड्यांतच तो सैल होतो.

‘तीन दिवसांत पक्के दात’ अशा जाहिरातींविषयी एवढेच म्हणता येईल की लगेच दात बसवण्याची पद्धत खोटी नाही, पण ती निवडक रुग्णांसाठी आहे. हाड दाट असावे लागते, स्क्रू पहिल्याच दिवशी पुरेसा घट्ट बसावा लागतो आणि रुग्णाने त्यानंतरचे काही महिने मऊच खावे लागते. तोंड तपासण्याआधी, फोनवरच तीन दिवसांची हमी मिळत असेल तर तिथून निघावे. भारतात इम्प्लांटशास्त्र ही एमडीएसची स्वतंत्र शाखा नाही. हे काम मुख्यतः मुखशल्यचिकित्सा, हिरडीविकार आणि कृत्रिम दंतशास्त्र या शाखांचे तज्ज्ञ करतात, शिवाय प्रशिक्षण घेतलेले बीडीएस डॉक्टरही. पाटीवरच्या पदव्यांपेक्षा कॅप कोण बसवणार आणि पाच वर्षांनी तक्रार आली तर कोण बघणार, हे विचारणे जास्त उपयोगी. गुंतागुंतीच्या तोंडासाठी दुसरे मत हवे असेल तर दंत महाविद्यालयात या सगळ्या शाखा एका छताखाली मिळतात. सोलापुरात केगावला असे महाविद्यालय आहे.

पहिले काही आठवडे

शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना पंचांगही पाहावे. पायी वारीला निघण्याच्या आदल्या आठवड्यात, रोजे चालू असताना किंवा घरच्या लग्नाच्या तोंडावर हे काम काढू नये. गोळ्या पोटात अन्न असताना घ्याव्या लागतात आणि टाके काढायला सात ते दहा दिवसांनी परत यावे लागते.

जखमेवर ठेवलेला गॉजचा बोळा अर्धा ते पाऊण तास चावून धरावा. त्या दिवशी थुंकू नये, चूळ भरू नये, स्ट्रॉने काही ओढून पिऊ नये. तोंडात ओढ निर्माण झाली की जखमेवरची रक्ताची गुठळी सुटते. थुंकीत लाली दिसणे पहिल्या दिवशी नेहमीचे आहे. गालावर बाहेरून बर्फ, पंधरा मिनिटे ठेवून पंधरा मिनिटे थांबून, पहिला दिवस-दीड दिवस द्यावा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते आणि मग उतरते. चौथ्या दिवशी ती वाढत असेल, ताप असेल किंवा पू येत असेल तर तो जंतुसंसर्ग समजावा.

काही लक्षणांत मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. बधिर करण्याच्या इंजेक्शनचा परिणाम काही तासांत उतरतो. त्यानंतरही ओठ किंवा हनुवटी बधिर राहिली, मुंग्या येत राहिल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे; इम्प्लांट नसेवर दाबत असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांत काढल्यास नस सुधारण्याची शक्यता अधिक असते. जिभेखाली सूज चढत गेली, जीभ वर उचलली गेली, गिळणे किंवा श्वास घेणे जड झाले तर दवाखाना उघडण्याची वाट न पाहता थेट सिव्हिलसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे.

दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या कराव्यात : ग्लासभर पाण्याला अर्धा चमचा मीठ. शहराच्या बऱ्याच भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि ते पिंपात साठवलेले असते, म्हणून गुळण्यांचे पाणी उकळून कोमट केलेलेच घ्यावे. क्लोरहेक्सिडिनचे औषध लिहून दिले असेल तर ते दोन वेळा, एक ते दोन आठवडेच. टूथपेस्टमधला फेसाचा घटक त्याचा परिणाम मारतो, तेव्हा ब्रश आणि हे औषध यांत अर्ध्या तासाचे अंतर हवे. ते जास्त दिवस वापरले आणि वर चहा घेत राहिले की दातांवर तपकिरी डाग पडतात. टाक्यांच्या जागी ब्रश लावायचा नाही, बाकीचे दात मात्र नेहमीसारखे घासायचे.

खाण्यात ताक, ज्वारीची आंबील, मऊ भात, दुधात पूर्ण भिजवून कुस्करलेली भाकरी, वरण असे चालते. पहिल्या दिवशी सगळे थंड किंवा कोमट. सोलापूरकराला जड जाते ते पुढचेच : कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. कडक भाकरीचा कोपरा टाक्यांना लागतो आणि चटणीचा कूट जखमेत जाऊन बसतो. हुरड्याचे दाणे, चिवडा, तीळ, डाळिंबाचे दाणे हेही त्याच यादीत. वरच्या जबड्यात सायनसजवळ काम झाले असेल तर दोन आठवडे नाक शिंकरू नये आणि शिंक आली तर ती तोंड उघडे ठेवून येऊ द्यावी.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुखणे पूर्ण गेलेले असते, हिरडी गुलाबी दिसते आणि रुग्ण त्या बाजूने चावायला लागतो. नेमका हाच काळ नाजूक असतो. स्क्रूला सुरुवातीला धरणारे जुने हाड झिजत असते आणि नवे पुरेसे तयार झालेले नसते. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्यात चार ते सहा महिने हाड भरेपर्यंत त्या बाजूने कडक काही चावू नये. जुनी कवळी वापरात असेल तर ती तिथे दाबत नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे आणि दाबत असेल तर आतून घासून घ्यावी. हिरडीतून डोकावणारे चांदीच्या रंगाचे बटण, म्हणजे हीलिंग कॅप, सैल होऊन हातात आले तर डबीत ठेवून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठावा. हिरडी त्या जागी लवकर मिटते आणि मग पुन्हा कापावी लागते.

कॅप बसल्यावर

कॅप सिमेंटने चिकटवतात किंवा स्क्रूने बसवतात. सिमेंटचा धोका असा, की जास्तीचे सिमेंट हिरडीखाली उरते आणि तिथे सतत दाह होत राहतो. म्हणून बसवल्यावर एक्स-रे काढणे योग्य. जिथे शक्य असेल तिथे स्क्रूची कॅप बरी, कारण पुढे कधी गरज पडली तर ती न तोडता उघडता येते. हा पहिला एक्स-रे जपून ठेवावा. पुढच्या प्रत्येक एक्स-रेची तुलना त्याच्याशी व्हायची असते.

घरच्या स्वच्छतेत सगळा भर कॅप आणि हिरडी मिळतात त्या रेषेवर द्यायचा. मऊ ब्रश तिरका धरून तिथे हळू फिरवावा. मागच्या दाढेच्या मागची बाजू साध्या ब्रशने साफ होत नाही. एकाच गुच्छाचा छोटा ब्रश मिळतो, तो आरशात बघत वापरावा. दोन दातांमधल्या फटीसाठी इंटरडेंटल ब्रश घ्यावा, पण त्याची तार प्लास्टिकने मढवलेली असावी, कारण उघडी तार टायटॅनियमला ओरखडे पाडते. आकार डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा. सैल ब्रश काही काढत नाही आणि जाड ब्रश हिरडी सोलतो. आत-बाहेर फिरवल्यावर ब्रशवर रक्त दिसले तर ते ब्रश लागल्यामुळे आहे असे समजून सोडून देऊ नये. दोन-तीन दिवस लागोपाठ दिसले तर तपासणीची वेळ झाली. इम्प्लांटवर पूर्ण ब्रिज असेल तर त्याच्याखालून सुपरफ्लॉस ओवून काढावा लागतो. इम्प्लांटवरच्या बटणावर बसणारी कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायची. तिच्यातली रबरे झिजतात आणि अधूनमधून बदलावी लागतात. काळे मंजन, मीठ, राख, मिश्री यांपैकी काहीही इम्प्लांटला लावू नये.

ऊस सोलणे, सुपारी फोडणे, बाटलीचे बूच काढणे, बर्फ चावणे ही कामे इम्प्लांटच्या दाताची नव्हेत. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्री घालायचे गार्ड बनवून घ्यावे. ही सवय रुग्णाला स्वतःला ठाऊक नसते, शेजारी झोपणाऱ्याला असते. कॅप किंचित जरी हलली तरी आठवड्याच्या आत दाखवावी. आतला स्क्रू ठरावीक जोर लावून आवळला की प्रश्न मिटतो. तसाच वापरत राहिले तर तो आत मोडतो आणि मोडका तुकडा काढणे हे मोठे काम होऊन बसते.

इम्प्लांटभोवतीचा आजार दोन पायऱ्यांनी येतो. पहिल्या पायरीत फक्त हिरडी सुजते : लाल दिसते, ब्रश लागला की रक्त येते. हाड शाबूत असते आणि साफसफाईने हे पूर्ण बरे होते. दुसऱ्या पायरीत हाड झिजू लागते. दाबले की पू येतो, तोंडाला वास येतो, कॅपखाली करड्या धातूची कड दिसू लागते. दुखणे या पायरीतही नसू शकते. पहिल्या वर्षात एक ते दीड मिलिमीटर हाड कमी होणे आणि पुढे वर्षाला ०.२ मिलिमीटरच्या आत राहणे हे फार काळ सामान्य मानले गेले आहे. २०१७ मध्ये अमेरिकन आणि युरोपीय हिरडीविकार तज्ज्ञांनी मिळून ठरवलेल्या वर्गीकरणानुसार, जुना एक्स-रे उपलब्ध नसेल तर ३ मिलिमीटर किंवा अधिक हाड गेलेले, ६ मिलिमीटर किंवा अधिक खोल खाच आणि तपासताना येणारे रक्त वा पू, या तिन्हींवरून दुसरी पायरी ओळखतात. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी पू चार दिवस थांबतो, पण स्क्रूच्या आट्यांत बसलेला थर तसाच राहतो. तो यांत्रिकपणेच काढावा लागतो, पुष्कळदा हिरडी उघडून. गेलेले हाड परत मिळेलच असे नसते.

तपासणी पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि नंतर सहा महिन्यांनी व्हावी. पायोरियाचा इतिहास, मधुमेह किंवा तंबाखू असेल तर तीन-चार महिन्यांचाच क्रम कायम ठेवावा. इम्प्लांटची सफाई प्लास्टिक किंवा टायटॅनियमच्या टोकांनी किंवा मऊ पावडरच्या फवाऱ्याने करतात. स्टीलचे नेहमीचे टोक त्यावर फिरवू नये, हे वेगळ्या दवाखान्यात गेल्यास आठवणीने सांगावे.

सोलापूरच्या अनेक घरांत मुले पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला असतात आणि आई-वडिलांचे इम्प्लांट तिकडेच होतात. तक्रार मात्र इथे येते. इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनीचे नाव, जाडी, लांबी आणि बॅच क्रमांक असलेले स्टिकर असते. त्याची एक प्रत, स्कॅनची सीडी आणि कॅप बसवतानाचा एक्स-रे एकाच फाइलमध्ये ठेवावा. एका कंपनीचा स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या कंपनीच्या स्क्रूला बहुधा बसत नाही. ते स्टिकर नसल्यामुळे साधा सैल स्क्रू आवळायला रुग्णाला पुन्हा पुण्याची गाडी धरावी लागते. एमआरआय करायची वेळ आली तर टायटॅनियमच्या इम्प्लांटमुळे तो अडत नाही. फक्त आधी सांगून ठेवावे आणि बटणाची किंवा चुंबकाची कवळी असेल तर ती बाहेर काढून ठेवावी.

हाडातला स्क्रूच हलू लागला तर तो वाचवता येत नाही. असा इम्प्लांट काढणे बहुधा दाढ काढण्याइतके त्रासाचे नसते, पण तो तसाच ठेवला तर दर महिन्याला थोडे हाड आणखी जाते. काढल्यावर जागा भरायला तीन ते सहा महिने द्यावे लागतात. हाड कमी पडत असेल तर तिथे हाडाची भर घालून पुन्हा प्रयत्न करता येतो. नाहीतर शेजारच्या दातांवर ब्रिज किंवा काढ-घाल करण्याची कवळी हे जुने मार्ग असतातच. दुसऱ्यांदा बसवण्याआधी पहिला का गेला, याचे उत्तर डॉक्टरांकडून लेखी घ्यावे आणि ते त्याच फाइलमध्ये लावावे.